पिवळ्याला गार पाणी

कडकबाईंना मत्सर हा प्रकारच माहीत नव्हता. असं त्या स्वतः सांगत, आणि इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्याला संशय यावा. “कुणाचं बरं झालं की आपल्याला आनंदच होतो बाई,” असं म्हणत त्या इस्त्री अशी काही दाबत की खालच्या कापडाने जीव मुठीत धरावा. कडकबाई हे नाव लाँड्रीतल्या बायकांनी ठेवलेलं. त्यातलं अर्धं श्रेय कापडाला घालायच्या खळीचं आणि अर्धं त्यांच्या स्वभावाचं.

लाँड्री होती शहरातल्या हॉटेलांची. बाहेरून एक लांबलचक शेड, आत शिरलं की नुसती वाफ. एका भिंतीला धुलाईची यंत्रं, मधोमध चादरी सपाट करणारा मोठा रोलर आणि खिडकीपाशी हाताच्या इस्त्रीची चार टेबलं. त्यातलं पहिलं टेबल कडकबाईंचं. तिथे दुसरं कुणी चुकून उभं राहिलं तर त्या काही बोलत नसत. नुसत्या येऊन बाजूला उभ्या राहत, आणि समोरची बाई आपोआप सरके.

फ्रेंच हॉटेलचे नॅपकिन रोलरवर जात नसत. त्या हॉटेलची अटच तशी होती. नॅपकिन जरा ओलसर असतानाच हाताने इस्त्री व्हायला हवेत, आधी उलट्या बाजूने, मग सुलट्या. अठरा वर्षं ते नॅपकिन कडकबाईंच्याच हाताखालून गेले. धुण्याआधी गाठोडं सोडून डाग वेगळे करायचं कामही त्यांचंच, कारण डाग ओळखावेत तर त्यांनीच. लाँड्रीत डागांना नावं होती. तांबडा म्हणजे वाइन. तपकिरी म्हणजे मांसाचा रस्सा. गुलाबी म्हणजे लिपस्टिक. आणि पिवळा. पिवळा म्हणजे नेमका कुठला पदार्थ हे लाँड्रीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अंडं आहे आणि लोणी आहे एवढं वासावरून कळे. पण त्याचा नियम नव्या बाईला पहिल्याच दिवशी पाठ करावा लागे: पिवळ्याला गार पाणी. गरम पाणी पडलं की अंडं कापडातच शिजतं, आणि एकदा शिजलेला डाग कुणाच्या बापाला निघत नाही.

या डागांवरून कडकबाई घरी येऊन अख्खं हॉटेल उभं करत. “आज दहा जणांची पार्टी झालीय. आठ जण तांबड्यात बुडालेले, दोघांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. ते दोघं नवरा-बायको असणार आणि भांडलेले असणार.” किंवा मग, “आज कुणीतरी जेवता जेवता रडलंय. नॅपकिनला काजळ आहे.” हे ऐकणारं हक्काचं माणूस म्हणजे त्यांची धाकटी बहीण. लहानपणापासून धाकटीला ताईचं सगळंच खरं वाटे. हॉटेलात भलीमोठी झुंबरं आहेत, कोपऱ्यात पियानो आहे, भिंती निळ्या मखमलीच्या आहेत, असंही कडकबाई सांगत. हे त्यांना कुठल्या डागावरून कळलं ते धाकटीने कधी विचारलं नाही. ती फक्त म्हणायची, “ताईला विचारा. ताईला सगळं माहीत असतं.”

हे एक वाक्य म्हणजे कडकबाईंची सगळी इस्टेट होती. बाकी सगळं धाकटीकडे गेलं होतं.

म्हणजे कुणी लुबाडून नेलं होतं असं नाही. आई शिवणकाम करायची, वडील लवकर गेले, दोघींना शिकवणं जमणार नव्हतं. मोठीने दहावीनंतर काम धरलं आणि धाकटी शिकली. हे कडकबाईंनी उभ्या जन्मात कधी बोलून दाखवलं नाही. मात्र न बोलता दाखवायच्याही तऱ्हा असतात, आणि त्या सगळ्या त्यांना येत होत्या. धाकटी शिकून डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला लागली, टेबलाच्या पलीकडे खुर्चीत बसून. तिथेच चष्म्याचा नंबर काढायला आलेला एक विमा कंपनीतला तरुण तिला भेटला. तो आता शाखेचा प्रमुख झाला होता. कडकबाई त्याला पाठीमागे ‘साहेब’ म्हणत. तोंडावरही साहेबच म्हणत, फक्त तोंडावर म्हणताना हसत. त्यांचा स्वतःचा नवरा बसच्या आगारात मेकॅनिक. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या नखांतलं काळं कडकबाईंनाही कधी काढता आलं नव्हतं.

आणि मग आईचा तो ड्रेस. आईने जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले आणि स्वतःसाठी एकच रेशमी ड्रेस शिवला, मोतिया रंगाचा, लांब बाह्यांचा. आयुष्यात चार वेळा घातला असेल. आई गेल्यावर दोघी बहिणींनी तिचं कपाट उघडलं. कडकबाईंनी ड्रेस अंगात घालायचा प्रयत्न केला. तो खांद्यांवरच अडला. इतकी वर्षं इस्त्री ओढून त्यांचे खांदे पुरुषासारखे झाले होते. धाकटीने घातला तर असा बसला, जणू तिचंच माप घेऊन शिवला होता. “ताई, तरी तूच ठेव,” धाकटी डोळे पुसत म्हणाली. “मला काय करायचाय? कपाटात लोंबकळत ठेवू?” कडकबाई म्हणाल्या. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागली. तो ड्रेस इस्त्रीला मात्र दर वेळी त्यांच्याकडेच येई, आणि त्या तो मलमलीचं फडकं घालून अगदी मंद इस्त्रीने करून देत.

तर एका रविवारी धाकटी कडकबाईंच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, “ताई, शनिवारी माझा चाळिसावा. हे म्हणतात, फ्रेंचमध्ये जाऊ. टेबलसुद्धा सांगून ठेवलंय.”

“कुठल्या फ्रेंचमध्ये?” कडकबाईंनी विचारलं. शहरात फ्रेंच हॉटेल एकच आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

“तुझ्या! आणि तू नि भाऊजी यायचंच. तू नसलीस तर मला तिथे काय कळणार? काय मागवायचं ते तूच सांगायचंस.”

“मला मेलीला कसली हौस नाही गं. तिथलं सगळं बघितल्यातच जमा आहे.”

“म्हणूनच तर!” धाकटी म्हणाली आणि उठून तिने बहिणीच्या गळ्यात हात टाकले.

यात राग येण्यासारखं काही नव्हतं. बोलावलं नसतं तर कडकबाईंना राग आला असता हे उघड आहे. पण बोलावलं म्हणून जास्त आला. अठरा वर्षं त्यांनी त्या हॉटेलची उष्टी फडकी निस्तरली, आणि पुढच्या दाराने आत पाऊल पडणार ते धाकटीच्या वाढदिवसाचं निमित्त होऊन, धाकटीच्या नवऱ्याचा पाहुणचार म्हणून. मंगळवारी त्यांनी रोलरवालीला विनाकारण झापलं. बुधवारी धाकटी आईचा ड्रेस घेऊन आली. “हाच घालणार आहे, करून देशील ना?” कडकबाईंनी तो हिसकावल्यासारखा घेतला. पण ड्रेस त्यांनी असा केला की शिवला तेव्हाही तो इतका सुरेख दिसला नसेल. कामात खोट काढायला त्यांनी कुणाला जागा दिली नसती, स्वतःलाही नाही.

शनिवारी सात वाजता चौघं हॉटेलच्या दारात उभे राहिले. कडकबाईंनी आपला चांगला निळा पोशाख घातला होता, नवऱ्याने दोन वेळा हात धुतले होते. दार एका काळ्या कोटातल्या माणसाने उघडलं.

आत झुंबर नव्हतं. पियानो नव्हता. भिंती निळ्या तर नव्हत्याच, साध्या पांढऱ्या होत्या, त्याही किंचित पिवळट. एकूण अकरा टेबलं, दिवे बेताचे आणि सगळे लोक दवाखान्यात बोलतात तसे हळू बोलत होते.

“ताई, पियानो कुठंय गं?” धाकटीने कुजबुजत विचारलं.

“काढला असेल.”

“इथे पियानो कधीच नव्हता,” साहेब खुर्ची ओढत म्हणाले. “मी ऑफिसच्या लोकांबरोबर दोनदा आलोय ना.” ते काही खोचक बोलले नव्हते. पण कडकबाईंच्या कानशिलात बसली. दोनदा आलाय! आणि इतकी वर्षं आपण या माणसासमोर झुंबरं टांगत होतो, आणि हा ऐकून घेत होता.

मेनू आला. पुठ्ठा जाडजूड, अक्षरं सुंदर आणि शब्द एकही ओळखीचा नाही. “ताई, सांग, काय घेऊ?” धाकटी पुढे वाकून म्हणाली. तिचे डोळे लहानपणी गोष्ट ऐकताना व्हायचे तसे झाले होते. काळ्या कोटातला वेटर वही घेऊन उभा होता.

कडकबाईंनी घसा साफ केला. “इथला तपकिरी चांगला असतो,” त्या म्हणाल्या.

“तपकिरी, मॅडम?” वेटरने अदबीने विचारलं.

“रस्सा. तपकिरी रस्सा. सोमवारी फार असतो.”

वेटर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मेनूवर बोट ठेवत चौघांसाठी भराभर काय काय सांगून टाकलं, आणि वेटर वाकून निघून गेला. कडकबाईंचा नवरा म्हणाला, “मला काही चालेल, फक्त भरपूर आणा,” पण तोवर ऐकायला कुणी नव्हतं.

आता त्यांचा एकच आधार उरला होता, तो म्हणजे पुढ्यातला नॅपकिन. त्यांनी तो उलगडला, कोपरा उलटून बघितला. लाँड्रीची निळ्या दोऱ्याची खूण होती. कडा सरळ, कुठे चुरगळ नाही, हाताला थंड. हा गुरुवारी गेलेला, त्यांच्याच हातचा. या खोलीत एवढी एक गोष्ट अशी होती जी त्यांच्यापेक्षा कुणालाच जास्त कळत नव्हती. वेटर परत आला की सहज म्हणायचं, त्यांनी ठरवलं. अगदी सहज. हे नॅपकिन आमच्याकडे येतात, एवढंच. मग तो आदराने बघेल. शब्द त्यांनी मनातल्या मनात दोनदा घोळवले.

वेटर पाव घेऊन आला. कडकबाईंनी तोंड उघडलं आणि धाकटी म्हणाली, “अहो, तुम्हाला माहितीये का? तुमच्या या नॅपकिनना माझी ताई इस्त्री करते! अठरा वर्षं!”

ती मोठ्याने बोलली. बोलताना तिचा चेहरा फुलला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वळवून कडकबाईंकडे, मग त्यांच्या हातातल्या नॅपकिनकडे पाहिलं आणि मग फार सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. वेटर “अरे वा, मॅडम,” म्हणाला आणि पाव ठेवून गेला.

कडकबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तेच वाक्य त्यांच्या तोंडून सहज आलं असतं तर मोठेपणाचं झालं असतं. धाकटीच्या तोंडून आलं आणि त्या इस्त्रीवाली झाल्या. चारचौघांत! आईचा ड्रेस घालून ही बसलीय राणीसारखी, आणि मी हिची धोबीण. धाकटी कौतुकाने बोलली, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मत्सराला कळणं चालत नाही, त्याला कारण लागतं, आणि आज त्याला बसल्या जागी कारण मिळालं होतं.

जेवण येऊ लागलं. मोठ्या मोठ्या ताटल्या आणि मधोमध चिमूटभर पदार्थ. कडकबाईंचा नवरा प्रत्येक ताटली आली की ती उचलून खाली काही राहिलंय का ते बघे, आणि धाकटी हसून हसून लाल होई. कडकबाई हसल्या नाहीत. नॅपकिन त्यांनी मांडीवर ठेवला होता, पण तोंड पुसायला पर्समधला स्वतःचा रुमाल काढला. अठरा वर्षं ज्याचे डाग काढले त्याला डाग पाडायला त्यांचा हात धजेना.

मग हिरव्या कोवळ्या देठांची एक ताटली आली, आणि तिच्याबरोबर चांदीच्या चोचीच्या भांड्यात काहीतरी दाट, चकचकीत. कडकबाई बघतच राहिल्या. पिवळा! कापडावर वाळून खपली धरलेला पिवळा त्यांनी हजारदा नखाने खरवडला होता. ताजा, वाफाळता, भांड्यातला आज पहिल्यांदा पाहत होत्या. “हॉलंडेझ,” वेटर म्हणाला. त्याला नावही होतं. त्यांनी एक थेंब जिभेवर घेतला. लोणी, लिंबाचा किंचित आंबटपणा आणि अंड्याचा मऊपणा. इतकं चांगलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही त्यांना रागच आला. धाकटी हे असं सहज, बोलता बोलता खात होती.

“ताई, आवडला ना तुला?” धाकटीचं लक्ष होतं. “मग घे ना अजून. हा तर तुझा पिवळा!” आणि तिने ते चांदीचं भांडं उचलून बहिणीच्या ताटलीवर धरलं. भांडं होतं जड, त्याचा कान होता गरम. धाकटीचा हात दचकला, आणि अर्धा सॉस तिच्या स्वतःच्या मांडीवर सांडला. मोतिया रेशमावर, बरोबर पुढे, तळहाताएवढा.

“अगं बाई! आईचा ड्रेस!”

“घाबरू नकोस, लोणी आहे ते,” साहेब उभे राहिले. त्यांनी वेटरला हात केला. “गरम पाणी आणा, चटकन. चांगलं गरम. लोणी गरम पाण्यानेच सुटतं.”

वेटर धावला. धाकटीने ड्रेसचा पुढचा भाग दोन्ही हातांनी उचलून धरला होता. तिने मान वर केली आणि कडकबाईंकडे पाहिलं.

काय करायचं ते कडकबाईंना तिथल्या तिथे दिसत होतं. चमच्याच्या पाठीने वरचं वर उचलायचं. चोळायचं नाही. मागून कापड लावायचं आणि गार पाण्याने टिपत राहायचं. पाच मिनिटांत हाती घेतलं तर सकाळपर्यंत खूणही उरणार नाही. गार पाण्याचा भरलेला ग्लास त्यांच्या हातात होता. तीन शब्द म्हणायचे होते, आणि ते जिभेच्या टोकावर होते.

विचार की तुझ्या साहेबांना, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना सगळं माहीत असतं. ते दोनदा येऊन गेलेत. मी काय, मी इस्त्रीवाली.

आणि त्यांनी ग्लास तोंडाला लावला. एक घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि मूग गिळून गप्प बसल्या.

वेटरने वाफा निघणारं पाणी आणलं. साहेबांनी नॅपकिनचं टोक त्यात बुडवलं आणि डागावर चोळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. टेबलावर उकडलेल्या अंड्याचा वास आला. तो दुसऱ्या कुणाला आलाही नसेल, पण कडकबाईंना आला, आणि त्याचा अर्थ त्यांना समजला. “बघ, गेलं की नाही?” साहेब म्हणाले. ओलं होतं तोवर खरंच गेल्यासारखं दिसत होतं. धाकटी रडवेल्या चेहऱ्याने हसली आणि मांडीवर कोरडा नॅपकिन पसरून बसली.

शेवटी गोड आलं. कडकबाईंनी ते शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. त्या सबंध संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

हे सुख सकाळपर्यंतही टिकलं नाही. चहा करताना त्यांच्या मनात आलं की ड्रेस धाकटीच्या अंगावर होता खरा, पण होता आईचा. आईने संध्याकाळची कामं उरकून, दुसऱ्यांचे कपडे बाजूला सारून, एकेक टाका घालून शिवलेला. दर वेळी मलमलीचं फडकं घालून आपणच जपलेला. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केला म्हणायचा! चहा उतू गेला. नवऱ्याने विचारलं, “काय झालं?” त्या म्हणाल्या, “काही नाही,” आणि शेगडी घासत बसल्या.

सोमवारी दुपारी धाकटी लाँड्रीच्या मागच्या दाराशी आली. हातात पिशवी. “ताई, वाळल्यावर उठून दिसतोय गं. हे म्हणतात टाकून दे, पण म्हटलं, तू काढशील.”

कडकबाईंनी ड्रेस खिडकीपाशी नेला. डाग शिजला होता. मधोमध पिवळा, कडेने तपकिरी, आणि जिथे साहेबांनी जोर लावून चोळलं होतं तिथे रेशमाची चमकच मेलेली. त्यांनी गार पाणी घेतलं, साबणाचा फेस घेतला, डागांची पावडर घेतली, बोटाच्या टोकाने टिपत तास-दीड तास झुंजल्या. बाकीच्या बायका काम सोडून बघत होत्या. कडकबाईंना एवढं घामाघूम झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डाग तसूभरही हलला नाही.

धाकटी स्टुलावर बसून पाहत होती. “राहू दे, ताई. नाही निघत तर नाही. तू तरी काय करणार?” तिने रिकामी पिशवी मांडीवर दुमडली. “मला ना, तेव्हाच जरा शंका आली होती. आई दुधाच्या डागाला गार पाणी घ्यायची, असं अंधूक आठवत होतं. पण मी तुझ्याकडे बघितलं, तू काही बोलली नाहीस. म्हटलं, ताई समोर बसलीय. चुकत असतं तर ताई बोललीच असती.”

कडकबाईंचे हात पाण्यातच थांबले.

लक्षात आलं नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. घाई होती, अंधार होता, गोंधळ झाला. धाकटीने डोळे मिटून विश्वास ठेवला असता. पण पिवळा लक्षात आला नाही, असं कडकबाईंनी म्हणायचं? पहिल्या टेबलापाशी उभं राहून? बाकी कशाचाही खोटेपणा त्यांना जमला असता, याचा नाही.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“गरम पाणी नको होतं. मला माहीत होतं.”

रोलरचा आवाज चालू होता. धाकटीने आधी हसून पाहिलं, ताई काहीतरी गंमत करतेय असं समजून. मग तिचं हसू हळूहळू गेलं. “मग का नाही बोललीस?”

याला उत्तर होतं. चाळीस वर्षं जुनं आणि भलंमोठं. पण ते तोंडाने सांगू गेलं तर झुंबराएवढंच खोटं वाटलं असतं. कडकबाई पुन्हा डाग टिपू लागल्या. धाकटी उठली, तिने ओला ड्रेस त्यांच्या हातातून घेतला, कसाबसा गुंडाळून पिशवीत कोंबला आणि गेली.

ती तुटून वागली असती तर कडकबाईंनी भांडून तरी घेतलं असतं. पण धाकटीने तसं काही केलं नाही. फोन येत राहिले. भाऊजींची कंबर कशी आहे, थंडी फार पडलीय, असं सगळं बोलणं झालं. महिन्याने तिने दोघांना घरी चहालाही बोलावलं. साहेब नेहमीसारखे बोलत होते. त्यांना यातलं काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

धाकटीची मुलगी शाळेतून आली, कॉफीचा कप घेऊन टेबलापाशी बसली, आणि बसता बसता तिने तो शाळेच्या पांढऱ्या शर्टवर लवंडला.

“उठ, उठ,” कडकबाई तिच्याआधी उभ्या राहिल्या. “काढ तो. दूध आहे त्यात, गार पाणी घे. उलट्या बाजूने सोड, चोळू नकोस.”

मुलगी शर्टाची बटणं सोडत न्हाणीघराकडे निघाली होती.

“थांब गं,” धाकटी म्हणाली. ती बहिणीकडे बघत नव्हती. “आधी फोनवर बघ, काय करायचं लिहिलंय ते.”

मुलीने एकदा मावशीकडे, एकदा आईकडे पाहिलं. मग तिथेच उभी राहून तिने फोन काढला, शोधलं आणि वाचू लागली. “दूध घातलेल्या कॉफीचा डाग… लगेच गार पाणी… कापडाच्या उलट्या बाजूने… चोळू नये.”

“हं,” धाकटी म्हणाली. “मग आता कर तसं.”